‘फ्री रेन’ कसं वापरायचं: सैल लगामाची इंग्रजी

माझे आजोबा मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. रात्रीची शेवटची गाडी येऊन गेली, दवाखान्याकडे निघालेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक पोचवून झाले, की रिकामा टांगा घेऊन ते घराकडे वळायचे. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसलेली असायचे. स्टेशनची वर्दळ मागे पडली की आजोबा लगामाच्या दोन्ही वाद्या डाव्या मुठीत एकत्र घ्यायचे आणि ती मूठ मांडीवर टेकवायचे. वाद्या मधोमध लोंबायला लागायच्या. चंद्री, आमची घोडी, एकदा नाक फुरफुरवायची, मान खाली घालून लांब करायची आणि स्वतःच्या चालीने निघायची. कुठल्या बोळाशी वळायचं, खड्डा कुठून चुकवायचा, सगळं तिचं तिला ठाऊक. समोरून ट्रक आला की आजोबांची मूठ मांडीवरून वीतभर वर यायची, वाद्या ताठ व्हायच्या आणि चंद्री रस्त्याच्या कडेला सरायची. ट्रक गेला की मूठ पुन्हा मांडीवर.

इंग्रजीत ‘फ्री रेन’ म्हणतात ते हेच. मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता संध्याकाळी नोकरदार मुलामुलींचे वर्ग घेते. या एका वाक्प्रचारात जितकी माणसं चुकताना पाहिली तितकी दुसऱ्या कशात पाहिली नाहीत. कोणी स्पेलिंगमध्ये चुकतं, कोणी अर्थामध्ये. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: ती लोंबणारी वादी डोळ्यांसमोर नसते. म्हणून आधी ती नीट बघू या, मग वाक्यं करू.

‘रेन’ म्हणजे लगामाची वादी, घोड्याच्या तोंडातल्या कडीपासून हाकणाऱ्याच्या हातापर्यंत येणारा चामड्याचा पट्टा. फ्री म्हणजे सैल. ‘गिव्ह समवन फ्री रेन’ म्हणजे एखाद्याला त्याच्या मनाप्रमाणे काम करायची मोकळीक देणं. शब्दकोशात एवढंच लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण त्यात एक गोष्ट राहून जाते.

नोकरीला लागले त्या वर्षी मी आजोबांना हा वाक्प्रचार सांगितला होता. म्हटलं, इंग्रज लोक मोकळीक देण्याला लगाम सोडणं म्हणतात. आजोबा लगेच म्हणाले, “सोडला न्हवं. सैल क्येला म्हन. लगाम सोडला तर घोड्याच्या पायात यील, आनि घोडं तोंडावर पडंल.” त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण या वाक्प्रचाराची याहून चांगली व्याख्या मी आजवर वाचलेली नाही. फ्री रेनमध्ये लगाम जागेवर असतो. हाकणारा बैठकीवर असतो. त्याने आपणहून मूठ खाली केलेली असते, आणि लागली तर ती तो वर घेऊ शकतो. स्वातंत्र्य आहे, पण कोणीतरी दिलेलं आहे. हा ‘कोणीतरी’ विसरला की वाक्य बिघडलंच.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. हा ‘रेन’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘रेतिनेरे’ हे क्रियापद आहे. अर्थ: मागे धरून ठेवणं. ‘रिटेन’ हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे मुळात धरून ठेवणाऱ्या वस्तूला ‘फ्री’ हे विशेषण लावलंय.

आता स्पेलिंग. इंग्रजीत ‘रेन’ असा उच्चार असलेले तीन शब्द आहेत आणि कानाला तिघांत तसूभर फरक नाही. आर-ए-आय-एन म्हणजे पाऊस. त्यात कोणी चुकत नाही. आर-ई-आय-एन म्हणजे आपली लगामाची वादी. आणि आर-ई-आय-जी-एन म्हणजे राज्य करणं किंवा राज्याचा काळ. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा १८९४ ते १९२२ हा काळ इंग्रजीत लिहायचा तर हा जी असलेला ‘रेन’ लागतो. गोंधळ होतो तो या दोघांत. ‘फ्री रेन’ ऐकलं की माणसाला वाटतं, मोकळं राज्य मिळालं, आपलंच राज्य, आणि हात आपोआप जी लिहून जातो. पहिल्या वर्षी मीसुद्धा फळ्यावर जी घालूनच लिहिलं होतं. वर्गातल्या साठ मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्यातल्या किती जणांनी पुढे दुरुस्त केलं असेल, हा विचार अजूनही मनात येतो.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तीही माणसं इथे सर्रास चुकतात. आता घोडागाडी कोणी हाकत नाही, त्यामुळे वादी त्यांच्याही डोळ्यांसमोर नाही. ऐकलेला शब्द चुकीचा, पण अर्थाला पटेल असा लिहायचा, या प्रकारच्या चुकीला भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी २००३ साली ‘एगकॉर्न’ असं नाव दिलं. ओक झाडाच्या फळाला इंग्रजीत ‘एकॉर्न’ म्हणतात, ते कोणीतरी ‘एग’ आणि ‘कॉर्न’ असं लिहिलं, त्यावरून. आपल्या या चुकीचा अर्थही वरवर पटतो, म्हणून ती टिकून आहे. तरी ती चूकच. बायोडेटात किंवा ऑफिसच्या ईमेलमध्ये जाणत्या माणसाच्या नजरेला ती लगेच खुपते.

लक्षात ठेवायला मी मुलांना एक खूण सांगते. राजाला आपण काय म्हणतो? “जी महाराज.” राजाच्या शब्दात जी असतो. घोड्याला कोणी जी म्हणत नाही, म्हणून लगामात जी नाही. सार्वभौम राजासाठी ‘सॉव्हरिन’ शब्द आहे, त्याच्या स्पेलिंगमध्येही हा न उच्चारला जाणारा जी आहे, आणि तो ‘रेन’ या राजाच्या शब्दाच्या संगतीने आलेला आहे. ज्यांना मुळं आवडतात त्यांच्यासाठी आणखी एक: राज्याचा ‘रेन’ लॅटिन ‘रेग्नुम’वरून येतो, तिथल्या राजाला ‘रेक्स’ म्हणत, आणि हा ‘रेक्स’ आपल्या संस्कृत ‘राजन्’चा नातलग आहे. म्हणजे जी असलेला शब्द आपल्या ‘राजा’च्या भाऊबंदांपैकी, आणि बिनजीचा लगामाचा.

आता वाक्य कसं करायचं. दोन साचे आहेत. दोन्हींत ‘टू’ येतो आणि तिथेच मुलं अडखळतात.

पहिला साचा माणसांसाठी. ‘द एडिटर गेव्ह हर फ्री रेन टू चूज द फोटोज.’ संपादकांनी तिला फोटो निवडायची पूर्ण मोकळीक दिली. इथे ‘गिव्ह’नंतर आधी माणूस, मग ‘फ्री रेन’, मग ‘टू’ आणि क्रियापद. ज्याला मोकळीक दिली तो पुढे, कशाची दिली ते मागे.

दुसरा साचा मनातल्या गोष्टींसाठी: कल्पना, राग, हौस, दुःख. ‘ही गेव्ह फ्री रेन टू हिज इमॅजिनेशन.’ इथे ‘टू’नंतर क्रियापद येत नाही, नाम येतं. मोकळीक त्या नामालाच मिळालेली असते. आपल्या मराठी कानाला दोन्हीकडे ‘ला’ ऐकू येतो, तिला आणि कल्पनेला, म्हणून मुलं दोन्ही वाक्यं एकाच साच्यात ओततात. ‘गेव्ह फ्री रेन टू हर टू चूज’ असं लिहितात. व्याकरणाने ते अगदीच चुकीचं नाही, पण दोन ‘टू’ लागोपाठ आल्याने वाक्य अडखळतं. माणूस असेल तर त्याला ‘गिव्ह’ला चिकटवून टाका.

याशिवाय ‘हॅव फ्री रेन’ म्हणजे मोकळीक असणं, आणि ‘वॉज गिव्हन फ्री रेन’ म्हणजे मोकळीक दिली गेली. कर्मणी प्रयोग इथे फार चालतो, कारण पुष्कळदा मोकळीक कोणी दिली ते सांगायचं नसतं, किंवा सगळ्यांना माहीतच असतं. आधी ‘अ’ लावायचा का? बहुतेक वेळा लावत नाहीत. ‘अ फ्री रेन’ शब्दकोशात सापडेल, तेव्हा कोणी लिहिलं तर खोडू नका, पण स्वतः लिहिताना न लावलेलं बरं. ‘फ्री’च्या जागी ‘फुल’ही येतो, अर्थ तोच. आणि अनेकवचन नाही: ‘फ्री रेन्स’ असं म्हणत नाहीत. खऱ्या लगामाला वाद्या दोन असतात, म्हणून ‘टेक द रेन्स’, ‘हँड ओव्हर द रेन्स’ या वाक्प्रचारांत अनेकवचन आहे. फ्री रेन मात्र एकवचनातच रुळलाय.

इथवर व्याकरण झालं. ते कोणत्याही पुस्तकात मिळेल. खरी अडचण वापरताना येते, म्हणून तिथे जरा थांबते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात एका कंपनीत डिझाइनचं काम करते. परदेशातल्या ग्राहकाकडून तिला ईमेल आलं: ‘यू हॅव फ्री रेन ऑन द लेआउट.’ तिला आनंद झाला. तिने मांडणी तर बदललीच, पण मजकूरही आखूड केला, दोन मथळे नवीन लिहिले, एक तक्ता काढून टाकला. दोन दिवसांनी त्यांचं कडक उत्तर आलं. मजकूर त्यांच्या वकिलांनी तपासून दिलेला होता, त्यात स्वल्पविरामही हलवायचा नव्हता. रात्री दहाला तिचा फोन आला. “मॅडम, त्यांनीच तर फ्री रेन दिलं होतं.” आवाज रडवेला.

दिलं होतं, पण ‘ऑन द लेआउट’ दिलं होतं. फ्री रेननंतर येणारा शब्द म्हणजे रानाचं कुंपण. ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘विथ’, ‘इन’, किंवा ‘टू’ आणि क्रियापद, यांतलं काहीतरी बहुतेक वेळा मागे असतंच, आणि मोकळीक कुठपर्यंत ते त्यातच सांगितलेलं असतं. वाचताना ‘फ्री’ या शब्दावर नजर खिळते आणि पुढचे दोन शब्द वाहून जातात. म्हणून ज्यांना कामाच्या पत्रात हा वाक्प्रचार दिसेल त्यांनी आधी पुढचे दोन शब्द वाचावेत. आणि पुढे काहीच नसेल, नुसतंच ‘यू हॅव फ्री रेन’ असेल, तर विचारून घ्यावं. त्यात कमीपणा नाही. ‘थँक यू. जस्ट टू कन्फर्म, डज दॅट इन्क्लूड द टेक्स्ट अँड द बजेट?’ एवढं एक वाक्य पुरतं. समोरच्याला बरंच वाटतं, कारण लगाम अजून त्याच्याच हातात आहे आणि तुम्हाला ते ठाऊक आहे, हे त्याला कळतं.

तुम्हीच दुसऱ्याला मोकळीक देणार असाल तर उलट काळजी घ्या. कुंपण वाक्यातच घाला. ‘यू हॅव फ्री रेन विथ द डेकोरेशन, बट प्लीज कीप विदिन द बजेट.’ असं ‘बट’ लावून लिहिणं इंग्रजीत उद्धट वाटत नाही.

दुसरी चूक अर्थाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, १९४७ साली भारताला ‘फ्री रेन’ मिळालं. स्पेलिंग अचूक, व्याकरण अचूक. मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, या वाक्यात लगाम कोणाच्या हातात आहे ते मला सांग. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग स्वतःच म्हणाला, “इंग्रजांच्या.” बरोबर. फ्री रेन मिळालं म्हणजे मालक बदलला नाही, फक्त मूठ खाली केली. देश स्वतंत्र होण्याला इंग्रजीत ‘फ्रीडम’ आहे, ‘इंडिपेंडन्स’ आहे. फ्री रेन तिथे चालत नाही. स्वातंत्र्य आणि मोकळीक हे मराठीतही दोन वेगळे शब्द आहेत. भारताला १९४७ साली मोकळीक मिळाली असं आपण म्हणू का?

दुसरं वाक्य माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका बाईंचं. नवऱ्याचं कौतुक करताना त्यांनी लिहिलं: ‘माय हजबंड गिव्ज मी फ्री रेन.’ मी त्यांना सांगितलं, ताई, वाक्य निर्दोष आहे. पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते हे की लगाम तुमच्या तोंडात आहे आणि वाद्या त्यांच्या हातात. तुम्हाला तसं म्हणायचं असेल तर जरूर ठेवा. त्या म्हणाल्या, नाही, मला म्हणायचंय की माझे निर्णय मी घेते आणि ते मध्ये येत नाहीत. मग तसंच लिहा: ‘आय मेक माय ओन डिसिजन्स.’ त्यांनी ते वहीत लिहिलं, आणि खाली मराठीत “मला त्यांनी मोकळीक दिलीय” हे वाक्य लिहून तेही खोडलं. तेही तेवढंच लगामाचं वाक्य आहे, हे त्यांना इंग्रजी वाक्यावरून कळलं. परकी भाषा शिकताना आपल्या भाषेतला असा एखादा शब्द अचानक उघडा पडतो, तो क्षण मला शिकवण्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

तेव्हा चाचणी एकच. वाक्य लिहून झालं की स्वतःला विचारा: इथे कोणी लगाम धरलाय का? कोणीतरी असेल (साहेब, संपादक, आईवडील, दिग्दर्शक) तर फ्री रेन बसतं. कल्पना किंवा राग असेल तर तो धरणारे आपणच असतो, तेही बसतं. कोणीच नसेल तर दुसरा शब्द शोधा.

शेजारपाजारचे वाक्प्रचारही जवळून बघून घेऊ, कारण इंग्रजीत मोकळिकीच्या छटा पुष्कळ आहेत.

‘फ्री हँड’ आपल्या वर्तमानपत्रांत रोज असतो, पोलिसांना फ्री हँड, लष्कराला फ्री हँड. अर्थ फ्री रेनच्या अगदी जवळ. फरक दोन. त्याला ‘अ’ लागतोच: ‘गिव्ह हिम अ फ्री हँड’. आणि तो माणसांना देतात, कल्पनेला किंवा रागाला देत नाहीत.

‘कार्ट ब्लांश’ फ्रेंचमधून आलाय. शब्दशः पांढरा कागद. खाली सही केलेली आहे, वरचं तुम्ही भरा. आपण कोऱ्या कागदावर सही करून देणं म्हणतो तेच, हुबेहूब. हा फ्री रेनपेक्षा जड आहे, कारण सही झाल्यावर देणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. पैसा, करार, नेमणुका अशा ठिकाणी तो शोभतो. भाचीला वाढदिवसाचा केक निवडायला सांगताना कार्ट ब्लांश काढायची गरज नाही.

‘लीवे’ हा जहाजावरचा शब्द. वाऱ्याच्या रेट्याने जहाज आपल्या मार्गापासून बाजूला सरकतं, ते सरकणं म्हणजे लीवे. म्हणून मार्ग ठरलेला आहे पण थोडं इकडेतिकडे चालेल, अशा ठिकाणी तो वापरतात. ‘गिव्ह हिम सम लीवे’ म्हणजे त्याला जरा सांभाळून घ्या, थोडी मुभा द्या. फ्री रेनच्या मानाने ही फार छोटी मोकळीक.

‘स्कॉट-फ्री’ इथे नकोच, पण मुलं तो ओढून आणतात. तो शिक्षेतून सुटण्याचा शब्द आहे, मोकळिकीचा नव्हे. स्कॉट नावाचा जुना कर होता, तो न भरता सुटला तो स्कॉट-फ्री. स्कॉटलंडशी त्याचा संबंध नाही.

लगामाचं घराणंही मोठं आहे. ‘कीप अ टाइट रेन ऑन’ म्हणजे लगाम आवळून धरणं: ‘शी कीप्स अ टाइट रेन ऑन द अकाउंट्स.’ ‘रेन इन’ हे क्रियापद आहे, आवरणं, लगाम घालणं: खर्चाला, महागाईला, जिभेला. इथेही जी घालायची चूक फार होते, आणि छापलेल्या इंग्रजीतसुद्धा ती सापडते. ‘टेक द रेन्स’ म्हणजे सूत्रं हाती घेणं. आपण ‘धुरा सांभाळणं’ म्हणतो तेही याच गाडीरस्त्यावरचं. धुरा म्हणजे गाडीचं जू, फक्त आपली गाडी बैलाची आणि त्यांची घोड्याची.

मराठीत आणताना कोणता शब्द घ्यायचा हे वाक्याच्या स्वरावर ठरतं. सरळ, चांगल्या अर्थाने असेल तर मोकळीक, पूर्ण मुभा, किंवा “हात मोकळे सोडले”. कायदेशीर वळणाचं काम असेल तर मुखत्यारी. राग आणि दुःख असेल तर “वाट मोकळी करून दिली”. ‘शी गेव्ह फ्री रेन टू हर ग्रीफ’ याचं “तिने दुःखाला मोकळीक दिली” असं भाषांतर मी पाहिलंय, ते मराठी वाटत नाही. तिने दुःखाला वाट मोकळी करून दिली, असं म्हणा.

आणि कल्पना असेल तर आपल्याकडे सोनं आहे: कल्पनेचे वारू चौखूर उधळले. वारू म्हणजे घोडा. इंग्रजीने लगाम पाहिला, मराठीने थेट घोडा पाहिला. पण जपून. उधळलेल्या वारूचा लगाम कोणाच्या हातात नसतो, म्हणून हे भाषांतर फ्री रेनपेक्षा एक पायरी पुढचं आहे. मजकूर उत्साहाचा असेल तर बेलाशक वापरा. अहवालासारखं कोरडं लेखन असेल तर “कल्पनेला पूर्ण वाव दिला” पुरे.

दोन शब्द मात्र टाळा. एक ‘मोकाट’. मोकाट सोडलेलं जनावर म्हणजे ज्याचा धनी लक्ष देत नाही ते. फ्री रेन देणारा लक्ष ठेवून असतो. दुसरा ‘मोकळं रान’. गुंडांना मोकळं रान मिळालं, भेसळ करणाऱ्यांना मोकळं रान मिळालं, अशीच त्याची संगत. मूळ इंग्रजी वाक्यही तक्रारीचं असेल, फ्री रेन नको त्याला मिळाल्याचं असेल, तरच तो घ्यावा. इंग्रजीत असं तक्रारीचं वाक्य होतं, हे लक्षात असू द्या. फ्री रेन स्वतः चांगलंही नाही, वाईटही नाही. कोणाला दिलं त्यावर त्याचा रंग ठरतो.

घरी एक सराव करा. मी वर्गात आजोबांच्या लगामाची एक जुनी वादी घेऊन जाते. चामडं आता कडक झालंय, पण मधला हाताचा भाग अजून गुळगुळीत आहे. एका मुलाने खुर्चीच्या पाठीला बांधलेलं टोक सांभाळायचं, दुसऱ्याने वादी धरायची, आणि वाक्य म्हणताना हाताने दाखवायचं: ताठ, सैल, की खाली पडलेली. तुमच्याकडे ओढणी चालेल. खालची वाक्यं मोठ्याने म्हणा आणि हात काय करतो ते बघा.

मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलन पूर्णपणे मुलांवर सोपवलं. हात सैल: ‘द हेडमास्टर गेव्ह द स्टुडंट्स फ्री रेन टू प्लॅन द अ‍ॅन्युअल गॅदरिंग.’

सासूबाईंनी घरखर्चाच्या किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या. इथे वादी दुसऱ्या हातात गेली, म्हणून फ्री रेन नाही: ‘शी हँडेड ओव्हर द रेन्स टू हर डॉटर-इन-लॉ.’

रजेवर असताना तो मनाला येईल तसा भटकला. वादी कोणाच्याच हातात नाही. फ्री रेन नको: ‘ही वेंट व्हेअरेव्हर ही लाइक्ड.’

साहेबांनी यंदा प्रवासखर्चावर बंधनं आणली. हात ताठ: ‘द बॉस रेन्ड इन ट्रॅव्हल एक्स्पेन्सेस.’

शेवटचं वाक्य मी दर वर्षी देते. रात्री घरी परतताना आजोबा लगाम सैल करायचे आणि घोडी आपल्या वाटेने चालायची. हुशार मुलं ‘फ्री रेन’ लिहितात, आणि ते बरोबर आहे. पण खरा घोडा आणि खरा लगाम असेल तर इंग्रजीत आणखी एक बोलणं आहे, घोडेवाल्यांचं. घोड्याला त्याचं डोकं देणं. लगाम ताणलेला असतो तेव्हा घोड्याचं डोकं जणू हाकणाऱ्याकडे असतं, सैल केला की ते घोड्याला परत मिळतं. चंद्री मान खाली घालून लांब करायची ती म्हणूनच. ‘ऑन द वे होम अ‍ॅट नाइट, माय ग्रँडफादर युज्ड टू गिव्ह द मेअर हर हेड.’